वॉशिंग मशीनचा ड्रेन पाइप: उंची सांभाळा

फ्रंट लोड मशीन पाणी घेतच राहतंय, पण ड्रममध्ये टिकत नाही? मेकॅनिकला फोन करण्याआधी मागे वाकून बघा. ड्रेन पाइप खाली थेट न्हाणीच्या जाळीत सोडलेला असेल, तर सायफन तयार होऊन पाणी आपोआप निघून जातं. पाइपाचा वरचा बाक जमिनीपासून साधारण 60 ते 100 सेंटिमीटरवर हवा; नेमका आकडा मशीनच्या पुस्तिकेत असतो. भिंतीतल्या पाइपात तोंड खोचताना भोवती हवेला फट ठेवा. एम-सील लावून ती बुजवणं मला अजिबात पटत नाही, कारण मग पाइप उंचावर असूनही सायफन होऊ शकतो! पंप नसलेल्या सेमी-ऑटोमॅटिकचं मात्र उलटं: तिथे पाइप खालीच हवा, नाहीतर पाणी उतरणारच नाही.