हलक्या होडीचें बळ

शिरूर तालुक्यांतील वढू बुद्रुक हें गांव भीमेच्या कांठीं वसलेलें आहे. देशावरील अशा नदींतून होडी नेणाऱ्याची गांठ पाण्याइतकीच जमिनीशींही पडते. बंधारा आला किंवा खडकाळ उथळ लागलें, कीं होडी उचलून पुढें न्यावी लागते. म्हणून ती हलकी हवी. पण खडकाचा धक्का सोसण्याइतकी बळकटही हवी. या परस्परविरोधी गरजा लांकडाच्या पट्ट्या आणि फायबरग्लास, म्हणजे कांचेच्या तंतूंचें कापड, यांच्या संयोगानें भागतात; आणि हें काम घरच्या पडवींतही होऊं शकतें.

प्रथम होडीच्या आडव्या छेदांच्या आकाराचे फळीचे साचे कापून ते सुमारें फुटाफुटाच्या अंतरानें एका रेषेंत पालथे उभे करतात. त्यांवर हलक्या, बिनगांठीच्या लांकडाच्या पाव इंच जाड व पाऊण इंच रुंद पट्ट्या एकीस एक चिकटवीत जातात. रंध्यानें व कांचपेपरानें पृष्ठभाग गुळगुळीत झाला, कीं त्यावर फायबरग्लास पसरून तें इपॉक्सी नांवाच्या कृत्रिम राळेनें भिजवितात. मग होडी साच्यांवरून काढून आंतलें अंगही तसेंच मढवितात. अशी १६ फुटी होडी साधारणपणें २५ किलोंच्या आसपास भरते. एका माणसाच्या खांद्यास हें ओझें झेपतें.

आंतल्या अंगास पाणी लागत नाहीं, मग तेथें कापड कशाला, असें श्रोत्यांस वाटेल. नवशिकाही काटकसर करतो ती येथेंच. पण सारें मर्म याच कापडांत आहे. खडक बाहेरून आदळला, म्हणजे बाहेरचें अंग दाबलें जातें आणि आंतलें ताणलें जातें. लांकूड रेषेच्या दिशेनें ताण सोसतें, आडव्या दिशेनें मात्र चटकन् चिरतें. तो आडवा ताण कापडाचे धागे घेतात. मधलें लांकूड दोन्ही पापुद्र्यांना एकमेकांपासून दूर धरतें. हें अंतर दुप्पट केल्यास ताठरपणा सुमारें चौपट होतो. आंतला पापुद्रा वगळला, कीं ही जोडीच मोडते.

गोव्यांत रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत बांधलेल्या नौदलाच्या ‘म्हादेई’ या ५६ फुटी शिडाच्या नौकेंत हेंच तत्त्व आहे: मध्यें लांकडी गाभा, दोन्ही अंगांस फायबरग्लास. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजीं तिच्यांतून एकटे मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबून, पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून मे २०१० मध्यें परतले.

घरीं काम करणाऱ्यानें राळ आणि तिला घट्ट करणारें द्रव्य ठरलेल्या प्रमाणांतच मिसळावें. तें द्रव्य अधिक घातल्यानें राळ लवकर वाळत नाहीं, उलट मऊ राहते. खोल भांड्यांत पुष्कळ मिश्रण ठेवल्यास तें आपोआप तापून धुमसूं लागतें. हातमोजे, मोकळी हवा आणि धूळ घासतांना नाकावर मुखपट्टी हीं हवींतच. उन्हानें इपॉक्सी खराब होते, म्हणून शेवटीं व्हार्निशचे हात द्यावे. होडी कितीही चांगली साधली, तरी अंगांत तरंगजाकीट घातल्यावांचून तिच्यांत पाऊल ठेवूं नये.