जोरात पाय द्या, काका

हिवाळा आहे, पण पत्र्याच्या शेडखाली अकरालाच उकडतंय. परभणीतलं शाळेचं मैदान. विज्ञान प्रदर्शन. जिंतूर, पालम, सोनपेठहून पहाटेच्या एस.टी.नं आलेली पोरं थर्माकोलच्या प्रतिकृतींमागे ताटकळलीयत. ज्वालामुखी धुमसतोय. त्याच्याशिवाय प्रदर्शन होतच नाही.

खरी रांग कोपऱ्यात आहे. जमिनीवर प्लायवूडचे दोन तुकडे, मध्ये फोम आणि पितळी चकत्या. तारा बाजूच्या पाटीपर्यंत गेल्यात. पाटीवर लाल एल.ई.डी. रांगेत मीही आहे.

"चप्पल राहू द्या काका. जोरात पाय द्या!"

पाय पडतो. दिवे लुकलुकतात. पोरं ओरडतात, "लागायलेत, लागायलेत!"

नववीतली मुलगी पाठ केलेलं धडाधडा सांगते. चकतीवर सिरॅमिकचा पांढरा थर. तो दाबला की विद्युतभार तयार होतो. 1880 साली फ्रान्समधल्या दोन भावांनी स्फटिकांवर हे दाखवलं. घरचा गॅसचा लायटर? त्यातही तेच. टक् केलं की ठिणगी. दाबताना वीज एकीकडे वाहते, सोडताना उलटी. चार डायोड तिला एका दिशेला लावतात.

मागच्या तक्त्यावर टोकियोच्या शिबुया स्टेशनचं चित्र. तिथं 2008 साली अशा फरश्या बसवून पाहिल्या.

माझ्यामागचे धोतरवाले बाबा चित्राकडे बघत नाहीत. "मोटर चालंल का बाळा यावर? आमच्याकडं थ्री फेज रातचीच येती."

मुलगी वही उघडते. घाम पुसते. पन्नास किलोचा माणूस, फरशी एक सेंटीमीटर दबली, तर फार तर 5 ज्यूल. चकती तेवढी दबतच नाही, म्हणून हिच्यात त्याहून कितीतरी कमी. पाच एच.पी.ची मोटर सेकंदाला 3,700 ज्यूल खाते. म्हणजे दर सेकंदाला जवळपास साडेसातशे पावलं, तीही काहीच वाया न जाता. एका युनिटला 7 लाख 20 हजार.

"अख्खं गाव नाचवावं लागंल की!"

शेड हसतं. मुलगीही हसते, पण वही मिटत नाही. "मोटरचं नाही जमत बाबा. जिन्यातला छोटा दिवा जमंल."

"जिनाच नाही आमच्याकडं," म्हणत बाबा दोन्ही पायांनी फळीवर चढतात.

"पुढं सरका," मागून कुणीतरी ओरडतं, "परीक्षक आले!"