हिरव्या इग्वानाचा अपराध कोणता?

मध्य व दक्षिण अमेरिकेच्या अरण्यांतील हिरवा इग्वाना दिसावयास घोरपडीसारखा. परंतु आहाराने जवळजवळ शाकाहारी. नदीकाठच्या उंच फांदीवर ऊन घ्यावे, पाने-फुले खावीत आणि संकट दिसताच पाण्यात उडी टाकावी, हा त्याचा जीवनक्रम होय. त्याची पिले मोठ्यांची विष्ठा खातात, ही किळसवाणी गोष्ट नव्हे. पाने पचविणारे सूक्ष्म जीव त्यांना त्यातूनच लाभतात.

पनामात मांस व अंडी यांसाठी त्याची एवढी शिकार झाली की, १९८० नंतरच्या दशकात त्याची मुद्दाम पैदास करण्याचे प्रयोग हाती घ्यावे लागले. उलट फ्लोरिडात तोच प्राणी उपद्रवी ठरला आहे. पाळण्यासाठी आणलेले इग्वाना तेथे मोकाट सुटले, वाढले आणि बिळे खोदून कालव्यांचे काठ खचवू लागले. जानेवारी २०२० मध्ये थंडीने गारठून ते झाडांवरून खाली पडत होते. २०२१ साली ते पाळण्यावर तेथे बंदी आली.

१९९५ च्या चक्रीवादळांनंतर किमान पंधरा इग्वाना उन्मळलेल्या वृक्षांवर तरंगत कॅरिबियन समुद्रातील अँग्विला बेटाला लागले होते. निसर्गाला यासाठी वादळ लागते. माणसाला एक पिंजरा पुरतो. आपल्या शहरांतही इग्वाना हौसेने पाळले जातात. वीतभर पिलू पुढे पाच-सहा फुटांचे होते, याचा विचार विकत घेण्यापूर्वीच व्हावयास हवा. पुढे हौस फिटली म्हणून त्याला रानात सोडणे ही भूतदया नव्हे.