नेम कुठे धरायचा, आणि कधी सोडून द्यायचा

एल्क हे उत्तर अमेरिकेतल्या डोंगराळ प्रदेशातले मोठे हरीण. काश्मीरच्या हंगुलचे ते जवळचे नातलग; पूर्ण वाढलेल्या नराचे वजन 300 किलोच्या वर जाते. तिथे परवाना काढून धनुष्यबाणाने त्याची शिकार करता येते, आणि नवशिक्या शिकाऱ्याला सुरुवातीलाच बजावले जाते की बाण कोणत्या कोनातून मुळीच सोडायचा नाही. बंदुकीची गोळी हाड फोडून आत जाते. बाणाला तेवढा जोर नसतो. त्याचे रुंद, धारदार पाते रक्तवाहिन्या कापत आत शिरते आणि जनावर रक्तस्रावाने मरते. दोन्ही फुप्फुसे कापली गेली तर ते थोडे अंतर धावून लवकरच कोसळते. एकच फुप्फुस किंवा नुसते पोट भेदले गेले, तर तेच जनावर कित्येक तास रानात तडफडत राहते आणि अनेकदा सापडतही नाही.

म्हणून जनावर पूर्ण कूस दाखवून आडवे उभे असेल तर नेम पुढच्या पायाच्या किंचित मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात धरतात. तिथे फुप्फुसे आणि हृदय लागूनच असतात आणि वाटेत फक्त बरगड्या येतात. जनावर थोडे पाठमोरे आणि तिरके उभे असेल तरी चालते. मात्र तेव्हा कातडीवरचा ठिपका न पाहता बाण पलीकडच्या पुढच्या पायाच्या रोखाने जाईल असा नेम धरावा लागतो, म्हणजे तो बरगड्यांमागून शिरून दोन्ही फुप्फुसांतून जातो. सामोरे तिरके असेल तर खांद्याचे जाड हाड आडवे येते आणि त्यातून निसटलेला बाण पोटात जातो. समोरासमोर छाती दिसते, पण मोकळी जागा तळहाताएवढी असते. त्यावर शिकाऱ्यांत अजून वाद आहे आणि बहुतेक जाणते तो बाण सोडत नाहीत. पूर्ण पाठमोऱ्या जनावरावर बाण सोडणे तर क्रूरपणाच. झाडावरच्या मचाणावरून जवळ, थेट खाली नेम धरला तरी एकच फुप्फुस भेदण्याचा धोका राहतो.

भारतात हे ज्ञान शिकारीसाठी उपयोगाचे नाही, आणि ते बरेच आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने घातली आणि 1991 च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीचा मार्ग पूर्ण बंद झाला. त्याआधीच्या काळात चुकलेल्या नेमाची किंमत माणसांनीही मोजली आहे. जिम कॉर्बेट यांनी 1907 मध्ये मारलेल्या चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचे उजव्या बाजूचे सुळे जुन्या गोळीने तुटलेले होते. नेहमीची शिकार तिला जमेना, आणि कॉर्बेट यांच्या नोंदीप्रमाणे तिने 436 माणसे मारली. बंगळूरचे शिकारी लेखक केनेथ अँडरसन यांच्या गोष्टींतही जखमी जनावराचा माग काढण्याचे प्रसंग वारंवार येतात.

आज हाच कोनाचा प्रश्न भुलीच्या इंजेक्शनाच्या वेळी उभा राहतो. बंगळूरच्या मध्यभागी, शिवाजीनगरात रसेल मार्केटच्या गर्दीत उभे राहिले तर जंगल फार दूरचे वाटते. प्रत्यक्षात बन्नेरघट्टा राष्ट्रीय उद्यान त्याच शहराच्या दक्षिण कडेला आहे, आणि बिबट्या शहरात शिरल्याच्या बातम्या इथल्या लोकांना नव्या नाहीत. कायद्याच्या 11 व्या कलमानुसार जनावर पकडणे, भूल देणे किंवा दुसरीकडे हलवणे शक्य नाही याची खात्री झाल्याशिवाय मुख्य वन्यजीव रक्षकाला ते मारण्याचा आदेश देता येत नाही. म्हणजे गोळीच्या आधी भुलीचा डार्ट येतो. तो नीट बसला तर जनावर वाचते.

डार्ट म्हणजे उडणारी सिरिंज. न्यूझीलंडच्या कॉलिन मर्डोक यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात भुलीची बंदूक विकसित केली, तिचीच पुढची रूपे आज वापरात आहेत. डार्ट हातात घेऊन पाहिला तर मागे रंगीत गोंडा दिसतो. तो डार्टला सरळ ठेवतो आणि झुडपात पडल्यावर शोधायलाही उपयोगी पडतो. सुईचे भोक टोकाला नसून बाजूला असते आणि त्यावर रबराची बारीक नळी बसवलेली असते. सुई कातडीत घुसताच नळी मागे सरकते, भोक उघडते आणि आतली दाबलेली हवा दट्ट्या ढकलून क्षणात औषध स्नायूत सोडते. जवळच्या अंतरावर फुंकनळी पुरते. लांबून बंदूक लागते आणि तिचा दाब अंतर पाहून ठरवावा लागतो. दाब जास्त झाला तर तोच डार्ट हाड मोडतो किंवा शरीरात आरपार घुसतो.

इथे शिकाऱ्याचा हिशोब उलटा होतो. बाणाला छाती हवी असते, डार्टला छाती टाळायची असते. डोके, मान-पाठीचा कणा, बरगड्या, पोट आणि सांधे वर्ज्य. उरतो तो मांडीचा आणि खांद्याचा जाड स्नायू. मांडी सगळ्यांत सोयीची, कारण तिथे मांस भरपूर आणि नाजूक अवयव दूर. जनावर आडवे किंवा थोडे पाठमोरे असले पाहिजे, आणि सुई स्नायूत काटकोनात शिरली पाहिजे. तिरकी लागली तर डार्ट घसरून पडतो, किंवा औषध कातडीखालच्या चरबीत राहते आणि हळूहळू रक्तात उतरते. मग जनावर अर्धवट गुंगीत भटकते. दुसरा डार्ट मारावा तर आधीचे औषध किती लागू पडले ते कुणाला ठाऊक नसते.

चांगला बसलेला डार्टही लगेच काम करत नाही. बिबट्याला झायलझिन आणि केटामिन हे मिश्रण सहसा दिले जाते, आणि ते चढायला साधारण 10 ते 15 मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात जनावर कुठे जाईल, याचा विचार नेमाच्या आधी करावा लागतो. जवळ पाणी, कडा किंवा उघडी विहीर असेल तर नेम कितीही सोपा असला तरी बंदूक खाली ठेवणेच योग्य. हरणांच्या बाबतीत आणखी एक भीती असते. सांबर, चितळ पाठलागाने इतके धास्तावतात की स्नायूच निकामी होऊन ती काही तासांनी वा दिवसांनी मरतात. त्यांच्यामागे धावून, पळत्या अंगावर डार्ट मारणे हे बरोबर बसले तरी चुकलेलेच.

जुन्नर भागात हा प्रश्न विहिरीच्या काठावर येतो. उसाच्या रानात राहणारा बिबट्या रात्री उघड्या विहिरीत पडतो आणि सकाळी काठावर गाव जमते. वरून पाहिले तर नेमाला फक्त पाठ आणि मान मिळते, म्हणजे कणा. शिवाय भूल चढलेला बिबट्या पाण्यात बुडतो. म्हणून आधी बाज किंवा फळी दोरांनी खाली सोडतात, बिबट्या तिच्यावर चढून दम घेतो आणि मग पिंजरा उतरवतात. पुष्कळदा तो आपणहून पिंजऱ्यात शिरतो आणि डार्टची गरजच पडत नाही. जुन्नरजवळच्या माणिकडोहला बिबट्या निवारण केंद्र आहे. 2007 पासून वनविभागासोबत वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था ते चालवते.

कोनाचा वाद महाराष्ट्रात सर्वांत गाजला तो यवतमाळच्या टी-1 वाघिणीमुळे. लोक तिला अवनी म्हणत. राळेगाव-पांढरकवडा परिसरातल्या 13 मृत्यूंचा ठपका तिच्यावर होता आणि 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री तिला गोळी घातली गेली. ती अंगावर धावून आली म्हणून गोळी झाडली, असे सांगण्यात आले. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या पथकाने मात्र जखमेची दिशा पाहून ती त्या वेळी पाठमोरी होती, असा निष्कर्ष काढला. डार्टमधले औषधही फार आधी भरून ठेवलेले होते, असे त्या पथकाच्या अहवालात म्हटले होते. जनावर कुठे तोंड करून उभे होते, हे त्याच्या मृत्यूनंतरही शरीर सांगते, आणि वनखात्याच्या प्रत्येक माणसाने ते लक्षात ठेवायला हवे.

डार्ट मारणाऱ्याचा जीवही याच कोनावर टांगलेला असतो. 31 ऑगस्ट 2023 रोजी कर्नाटकात हासन जिल्ह्याच्या आलूर तालुक्यात भीमा या जखमी हत्तीला भूल देताना ‘आने’ (म्हणजे हत्ती) व्यंकटेश मृत्युमुखी पडले. डार्ट सुटल्यावर हत्ती उलटून त्यांच्यावर आला. आयुष्यभर हत्तींना भूल देण्यात मुरलेला तो माणूस होता. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला बंगळूरच्या कुडलू गेटजवळ भूल देण्याच्या प्रयत्नात बिबट्याने पशुवैद्यकावर झडप घातली आणि शेवटी त्या बिबट्याला गोळी लागली. 2016 च्या फेब्रुवारीत याच शहरातल्या एका शाळेत शिरलेल्या बिबट्याने कित्येक तास सर्वांना झुंजवले आणि काही जणांना जखमी केले. त्याला मात्र भूल देऊन जिवंत पकडता आले.

बहुतेक प्रसंगांत कोन बिघडवणारी गोष्ट म्हणजे गर्दी. मोबाइल उंचावून पुढे सरकणारे शंभर लोक पाहिले की बिबट्या कोपऱ्यात शिरून त्यांच्याकडे तोंड करून दबा धरतो. मग मांडी दिसत नाही, दिसतात ते दात. शांत जनावर काही मिनिटांत आपणहून कूस वळवते, आणि पशुवैद्यक त्याच क्षणाची वाट पाहत असतो. तेव्हा वस्तीत बिबट्या दिसला तर दारे-खिडक्या बंद करून घरात राहा, कुत्री आत घ्या, दगड मारू नका, आणि महाराष्ट्रात असाल तर वनविभागाला 1926 या क्रमांकावर कळवा.