मेंदूचे रक्त अडते तेव्हा

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे 2 टक्के. पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी जवळपास 20 टक्के एकटा मेंदू वापरतो. साठा मात्र त्याच्याकडे जवळजवळ नसतोच. म्हणून एखाद्या धमनीत गुठळी अडकली की तिच्यावर पोसलेल्या भागाचे काम काही क्षणांत थांबते आणि लक्षणे एकाएकी उमटतात.

कोणते लक्षण दिसणार, हे अडलेल्या धमनीवर ठरते. मानेच्या पुढच्या बाजूने वर जाणाऱ्या कॅरोटिड धमनीच्या शाखांत अडथळा आला, तर विरुद्ध बाजूचे अंग लुळे पडते. चहा ओठाच्या एका कोपऱ्यातून ओघळतो, पायातली चप्पल निसटते आणि चालणाऱ्याला पत्ताही लागत नाही. भाषेचे केंद्र बहुतेकांच्या डाव्या मेंदूत असते, त्यामुळे उजव्या अंगासोबत वाचाही जाते. कधी पडदा ओढल्यासारखे एकाच डोळ्याने दिसेनासे होते. मेंदूच्या मागच्या भागाचे रक्त घटले, तर अचानक गरगरते, एकाचे दोन दिसते, तोल जातो, घास गिळवत नाही. हे पित्त किंवा अशक्तपणा समजून अंगावर काढले जाते, आणि धोका वाढतो तो तिथेच.

मेंदूसारखेच मज्जारज्जूचेही रक्त अडू शकते. तिथल्या पुढच्या धमनीचे रक्त अडल्यास बहुधा दोन्ही पाय लुळे पडतात, लघवी तुंबते. चटका किंवा टोचणी कळत नाही. हलका स्पर्श मात्र कळतो, कारण त्या संवेदनेचे तंतू मागच्या भागात असतात आणि त्यांना रक्त वेगळ्या धमन्यांतून मिळते.

मेंदूचे रक्त अडण्याची सर्वांत फसवी लक्षणे म्हणजे काही मिनिटांत आपोआप विरणारी. डॉक्टर त्यांना 'टीआयए' म्हणतात. हात पुन्हा हलू लागतो, बोलणे स्पष्ट होते, बहुतेक वेळा काही दुखतही नाही. मग घरचेही निर्धास्त होतात. प्रत्यक्षात 'अंगावरून वारं जाण्याचा', म्हणजे पक्षाघाताचा, धोका पुढच्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठायलाच हवे.

पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. आधी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री केली जाते. म्हणून घरच्या घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नये. गिळण्यावर परिणाम झालेला असू शकतो, त्यामुळे पाणीही पाजू नये. वेळ मोजली जाते ती रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. पहाटे लुळा हात घेऊन जागा झालेल्या रुग्णाच्या घरच्यांना डॉक्टर आधी विचारतात, "रात्री झोपले किती वाजता?"