सतरंजी आधी फोटोत अंथरून पाहा!

मैत्रिणींनो, हातमागावर सतरंजी विणून घ्यायची म्हणजे एक मोठी धास्ती असते. एकदा विणली की ती परत करता येत नाही! दुकानदार व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतो, नक्षी डोळ्यांत भरते; पण आपल्या बाहेरच्या खोलीत ती शोभेल का? आणि माप कोणतं सांगायचं? माझ्या शिकवणीचे पैसे त्यात जाणार होते, त्यामुळे मला जरा जास्तच काळजी. "आठ बाय सहाचीच घे, लहान कशाला?" हे आमच्या ह्यांचं मत.

म्हटलं, आधी संगणकावर अंथरून पाहू. खोलीचा फोटो घेतला, त्यावर सतरंजीचा फोटो चिकटवला. काय सांगू, सतरंजी जमिनीवर पसरण्याऐवजी दिवाणासमोर दारासारखी उभी राहिली! लहानमोठी करून पाहिली, तरी उभीच.

चूक कुठे होती ते पंगत आठवल्यावर कळलं. लांबलचक पंगतीच्या एका टोकाला उभ्या राहा. जवळची पानं मोठी, टोकाची बशीएवढी, आणि समोरासमोरच्या दोन्ही ओळी दूरवर जवळजवळ येत गेलेल्या. सतरंजीचीही पलीकडची कड तशीच आखूड दिसायला हवी. पण किती आखूड? ते फरशी सांगते! १४३५ साली इटलीतल्या अल्बर्टी नावाच्या विद्वानाने चित्रकलेवरच्या आपल्या ग्रंथात हे यथादर्शन समजावलं, तेही चौकटींची फरशी कशी काढावी हे सांगूनच. आपल्या घरात तर ती फरशी तयारच आहे.

आमच्या फरश्या दोन फुटी आहेत. म्हणजे आठ बाय सहाची सतरंजी चार फरश्या लांब आणि तीन रुंद. तुम्ही आपली फरशी टेपने मोजून घ्या, अंदाज नको. मग उभं राहून फोटो काढा, फरश्यांचे सांधे स्पष्ट दिसतील असा. मोबाईलची 'वाइड' लेन्स मात्र वापरू नका. कडेच्या वस्तू ताणल्यासारख्या दिसतात.

गिंप हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात सतरंजीचा फोटो वेगळ्या लेयरवर ठेवा आणि 'पर्स्पेक्टिव्ह' हे टूल घ्या. फोटोशॉप असेल तर 'एडिट'मधल्या 'ट्रान्सफॉर्म'खाली 'डिस्टॉर्ट'. सतरंजीचे चारही कोपरे एकेक करून ओढायचे आणि मोजलेल्या फरश्यांच्या कोपऱ्यांवर नेऊन ठेवायचे. लेयरची 'ओपॅसिटी' थोडी कमी केली की खालचे सांधे दिसतात, काम सोपं होतं. दुकानदाराने सतरंजीचा फोटो तिरका काढला असेल, तर तो सरळ करून मागवा, बरं का.

कोपरे बरोबर बसले की नक्षीही आपोआप दूरवर बारीक होत जाते. खात्री करायची असेल तर समोरासमोरचे कोपरे रेघांनी जोडा. दोन्ही कर्ण जिथे छेदतात तो सतरंजीचा खरा मध्य. तो चित्रातल्या उंचीच्या मधोमध नसतो, जरा वरच्या बाजूला सरकलेला असतो. नक्षीतलं मधलं फूल नेमकं तिथेच आलं पाहिजे.

तरीही सतरंजी तरंगल्यासारखी वाटते, कारण टीपॉयचे पाय तिच्याखाली गेलेले असतात. तेवढा भाग 'लेयर मास्क'वर काळ्या ब्रशने झाकला की पाय पुन्हा वर येतात. फरशी फिकट असेल तर लेयरचा 'मोड' 'मल्टिप्लाय' करा. दिवाणाची सावली सतरंजीवर उमटते. इथे मी अर्धी दुपार घालवली, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्याही राहिल्या!

पण त्या अर्ध्या दुपारीच उत्तर मिळालं. आठ बाय सहाची सतरंजी दाराजवळच्या फरशीपर्यंत पोचत होती आणि आमचं दार आत उघडतं. रोज तिचा काठ दाराखाली घासला असता! मग तीन फरश्या बाय दोन, म्हणजे सहा बाय चारची बसवून पाहिली. दार मोकळं, आणि दिवाणाला शोभाही आली. ह्यांना पडद्यावर दाखवलं, तेव्हा "हं" एवढंच म्हणाले.

रंगाच्या बाबतीत मात्र पडद्यावर विसंबू नका. मोबाईलवर जो रंग डाळिंबी वाटला, तो संगणकावर विटकरी दिसत होता. म्हणून ऑर्डर देण्याआधी दुकानदाराकडून सुताचे दोन तुकडे पाकिटातून मागवले आणि दिवसाउजेडी खिडकीपाशी धरून पाहिले. डाळिंबीच निघाले!