कलाविद्यार्थी आणि खेळकर वृत्ती

कलाशाळेत प्रवेश घेणाऱ्या बहुतेक मुलामुलींचे कलेशी पहिले नाते खेळातूनच जडलेले असते. कोळशाने भिंती रंगवणे, पोळ्याला मातीचे बैल करणे, दिवाळीत किल्ला उभारणे ही कामे त्यांना कोणी नेमून दिलेली नसतात आणि त्यांस गुणही मिळत नाहीत. शाळेत पाऊल टाकल्यावर मात्र विषय शिक्षकाचा, कागदाचे माप शिक्षकाचे आणि मुदतही शिक्षकाची, असा क्रम सुरू होतो. काही वर्षांनी पदविका हाती येते. पुढे कोणते चित्र काढावे, हे सांगणारे त्या दिवसापासून कोणी उरत नाही. हात तयार असतो, पण त्याला स्वतःचे काम ठाऊक नसते. कित्येकांचा कुंचला थांबतो तो येथेच.

ही अडचण दूर करण्याचा एक चांगला मार्ग वडोद्यात दिसून आला. महाराज सयाजीराव विद्यापीठात १९५० साली ललित कला विद्याशाखा सुरू झाली. इंदूरला जन्मलेले नारायण श्रीधर बेंद्रे तेथे चित्रकला शिकवीत, तर शिल्पकलेची धुरा शंखो चौधुरी यांच्याकडे होती. शांतिनिकेतनात शिकलेले के. जी. सुब्रमण्यन हेही तेथे अध्यापक होते. १९६१ साली या विद्याशाखेचा पहिला कलामेळा भरला आणि पुढेही असे मेळे भरले. त्यांत गुरू आणि शिष्य एकत्र बसून खेळणी, बाहुल्या व घरगुती उपयोगाच्या वस्तू बनवीत आणि त्या नागरिकांना विकत. सुब्रमण्यन यांनी लाकूड, चामडे आणि मणी यांपासून केलेली खेळणी आज त्यांच्या कलाकार्याचाच एक भाग मानली जातात.

खेळण्याने विद्यार्थ्याला काय शिकवावे, असा प्रश्न साहजिकच मनात येईल. लाकडी घोड्याचे डोके जड झाले की घोडा पुढे कलंडतो. मग शेपूट जाड करावी की पाय पसरावेत, याचा निर्णय करणाऱ्यालाच घ्यावा लागतो. समतोलाचा हा धडा फळ्यावरच्या व्याख्यानापेक्षा अधिक काळ लक्षात राहतो. दुसरे असे की, लाकडाचा तुकडा वाया गेला तरी फारसे नुकसान होत नाही, म्हणून दहा वेळा चुकण्याची मोकळीक मिळते. मेळ्यात येणारे गिऱ्हाईक परीक्षक नसते. लहान मुलाला ती वस्तू हाती धरावीशी वाटली तर ती साधली, नाही तर नाही. नेमून दिलेल्या कामात प्रश्न दुसऱ्याचा असतो. खेळात तो विद्यार्थ्याने स्वतःच निर्माण केलेला असतो.

असा स्वतःचा प्रश्न शोधण्याची सवय लागली की स्वतःचा उपक्रमही सुचतो. वडोद्यातच शिकलेले गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर यांनी १९६९ ते १९७३ या काळात ‘वृश्चिक’ नावाचे लहानसे नियतकालिक चालविले. खख्खर हे तर शिक्षणाने हिशेब तपासनीस होते. चित्रे, कविता आणि कलाविषयक वाद यांना त्या पानांत जागा मिळाली. असे व्यासपीठ दुसरा कोणी उभारील, याची वाट त्यांनी पाहिली नाही.

इंदूरचे उदाहरण याहूनही साधे आहे. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांच्या कलाशाळेतून बेंद्रे आणि मकबूल फिदा हुसेन यांच्याप्रमाणेच विष्णू चिंचाळकर हेही घडले. ‘गुरुजी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चिंचाळकरांनी वाळलेली पाने, बिया, मुळे आणि टाकाऊ वस्तू यांत पक्षी, माणसे आणि मुद्रा पाहिल्या व इतरांनाही दाखविल्या. या खेळाला साहित्याचा खर्च जवळजवळ नव्हता. तयार नजर मात्र हवी होती.

यावरून रेखांकनाचा नित्य सराव टाकून द्यावा, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. वरील सर्वांनी शिस्तीचे शिक्षण घेतले होते. रियाझाने गळा तयार होतो. मैफलीत कोणता विस्तार करायचा हे गवयाला स्वतःच सुचावे लागते. चित्रकलेतही तसेच आहे. शिवाय, मुलाने पुढे पोट कसे भरावे ही पालकांची चिंता खोटी नाही. परंतु सांगितल्याशिवाय ज्याला काही सुचत नाही, त्याला पोटापाण्याचे कामही पुष्कळदा दुसऱ्याच्या मर्जीवर शोधावे लागते.

प्रारंभ लहान असावा. एक वही, एक विषय आणि एक ठरलेली तारीख एवढे पुरे. गल्लीतील दारांच्या कड्या, आठवडी बाजारातील ओझी उचलणारे हात, आजीच्या गोधडीतील ठिगळे यांपैकी एखादा विषय घेऊन महिनाभर रोज एक चित्र काढावे. नियम आपणच करावा आणि कंटाळा आला तर आपणच बदलावा. महिन्याच्या शेवटी ती चित्रे दोरीवर टांगून शेजाऱ्यांना बोलवावे. शिक्षकांनीही अशा वहीला गुण देण्याची घाई करू नये. ती आवडीने पाहावी आणि पुढचे पान कधी दिसेल, एवढेच विचारावे. पदविका हाती पडेल त्या दिवशी ज्याची अशी वही अर्धी भरलेली असेल, त्याला पुढच्या पानासाठी कोणाच्या आज्ञेची वाट पाहावी लागणार नाही.